शब्दांचे गुण आणि माणसाचें मोल

माझा एक जुना विद्यार्थी पांच वर्षांपूर्वीं सहकुटुंब अमेरिकेस गेला. त्याच्या बहिणीनें पुष्कळ वर्षांपूर्वीं करून ठेवलेल्या अर्जाचा निकाल लागून त्यांना तेथें कायम वास्तव्याचा परवाना मिळाला होता. त्याचें पत्र वर्षाकाठीं एकदां, बहुधा दिवाळीच्या सुमारास, येत असे, आणि त्यांत कुशल वर्तमानापलीकडे विशेष कांहीं नसे. यंदा मात्र तें अवेळीं आलें. त्याचा मुलगा तेथील शाळेचा अभ्यासक्रम पुरा करून वायुदलांत विमानांचा यंत्रज्ञ म्हणून भरती होऊं पाहत होता. हा मुलगा दहा-बारा वर्षांचा असतांना मीं पाहिला आहे. बापाबरोबर माझ्या घरीं आला असतां त्यानें बंद पडलेलें भिंतीवरचें घड्याळ खालीं काढून घेतलें, आणि आमचा चहा होईपर्यंत तें चालू करून पुन्हां जागेवर लावलें. त्या मुलास प्रवेशपरीक्षेंत गणिताच्या दोन भागांत बरे, आणि शब्दांच्या दोन भागांत अगदींच कमी गुण मिळाले. सर्वांचा मिळून जो एक अंक काढतात तो २८ आला, आणि एवढ्यावर तुला घेतां येत नाहीं, असें त्यास सांगण्यांत आलें. पत्राच्या शेवटीं माझ्या विद्यार्थ्यानें लिहिलें होतें, "सर, तुम्हीं आम्हांला इंग्रजी शिकविलेंत. आतां तुम्हींच सांगा, माझ्या मुलाची किंमत अठ्ठावीस आहे काय?"

सांत्वनाचीं चार वाक्यें लिहून या प्रश्नाची बोळवण करणें सोपें होतें. परंतु तीस वर्षें मी इंग्रजी शिकविण्याचें आणि इंग्रजीच्या उत्तरपत्रिका तपासण्याचें काम करीत आलों आहें. शब्दांना गुण देणें हा माझा व्यवसायच म्हणावयाचा. तेव्हां हा प्रश्न त्या दूरच्या परीक्षकांना जितका, तितकाच मलाही विचारलेला आहे असें मला वाटलें, आणि उत्तर लिहिण्यापूर्वीं त्याचा नीट विचार करणें प्राप्त झालें. तो विचार वाचकांपुढें मांडीत आहें.

प्रथम ही परीक्षा काय आहे तें पाहिलें पाहिजे. तिचें नांव 'आर्म्ड सर्व्हिसेस व्होकेशनल ॲप्टिट्यूड बॅटरी'. ती १९६८ सालीं निघाली, आणि १९७६ पासून अमेरिकेच्या सर्व सैन्यदलांनीं भरतीसाठीं पत्करली. वीजशास्त्र, मोटारी, कारखान्यांतील हत्यारें, यंत्रांची गति अशा अनेक विषयांचे प्रश्न तींत असतात. आंत गेल्यावर कोणास कोणतें काम द्यावें, हें ठरवितांना ते उपयोगीं पडतात. परंतु आंत घ्यावयाचें कीं नाहीं, हें ठरतें तें चारच भागांवरून: शब्दज्ञान, परिच्छेदाचें आकलन, अंकगणिताचीं उदाहरणें आणि गणिताचे नियम. १९८९ पासूनचा हिशेब असा आहे कीं, पहिल्या दोहोंचा मिळून एक शाब्दिक गुणांक काढावयाचा, त्याची दुप्पट करावयाची, आणि तींत गणिताच्या दोन भागांचे गुण मिळवावयाचे. म्हणजे चार वाट्यांपैकीं दोन वाटे शब्दांचे. शिवाय अंकगणिताचीं उदाहरणें इंग्रजी वाक्यांतच घातलेलीं असतात, त्यामुळें तिसऱ्या वाट्यालाही भाषेची झळ लागतेच.

या बेरजेवरून जो अंक निघतो तो शंभरांपैकीं मिळालेले गुण नव्हेत. १९९७ सालच्या एका मोठ्या पाहणींत अठरा ते तेवीस वर्षांच्या अमेरिकन तरुण-तरुणींचा एक प्रातिनिधिक समूह निवडण्यांत आला होता. त्या समूहाच्या रांगेंत उमेदवार कोठें उभा राहतो, एवढेंच हा अंक सांगतो. अठ्ठावीस म्हणजे त्या समूहांतले शेंकडा सुमारें अठ्ठावीस त्याच्या बरोबरीनें किंवा मागें, आणि बाकीचे पुढें. या रांगेचे वर्ग पाडलेले आहेत. ९ व त्याखालचा तो पांचवा वर्ग, आणि १० ते ३० हा चौथा. पांचव्या वर्गास कायद्यानेंच प्रवेश नाहीं. चौथ्या वर्गांतले लोक एका वर्षाच्या भरतींत शेंकडा वीसांहून अधिक घेतां येत नाहींत, आणि व्यवहारांत सैन्यदलें बहुधा ३१ च्या खालीं उतरत नाहींत. माझ्या विद्यार्थ्याचा मुलगा तीन अंकांनीं बाहेर राहिला.

शब्दांना असें दुहेरी वजन देण्यांत पंडितांची निव्वळ हौस आहे असें मात्र कोणीं समजूं नये. सैनिक म्हणजे दंड आणि छाती, ही कल्पना तलवारीच्या काळीं कदाचित् खरी असेल. आजच्या यंत्रज्ञास विमानाचें इंजिन उघडण्यापूर्वीं जाडजूड पुस्तकांतील सूचना वाचाव्या लागतात. औषधाच्या कुपीवरचा मजकूर, सुरुंगाच्या पेटीवरचा इशारा, वरिष्ठाचा लेखी हुकूम, हें सर्व शब्दांतच असतें, आणि तेथें झालेल्या चुकीचें प्रायश्चित्त चुकणाऱ्या एकट्यालाच भोगावें लागतें असें नाहीं. २५ ऑक्टोबर १८५४ रोजीं क्रिमियांतील बालाक्लाव्हा येथें जें घडलें, तें टेनिसनच्या कवितेमुळें इंग्रजी वाचणाऱ्या प्रत्येकास ठाऊक आहे. लॉर्ड रॅग्लननें उंचावरून लिहून पाठविलेल्या हुकुमांत 'तोफा' हा शब्द होता, पण कोणत्या तोफा, हें स्पष्ट नव्हतें. ज्या त्याला दिसत होत्या त्या खालीं उभ्या असलेल्या लॉर्ड ल्यूकनला दिसत नव्हत्या. ल्यूकननें विचारलें तेव्हां हुकूम घेऊन आलेल्या कॅप्टन नोलननें संतापानें नुसता हात केला, आणि सहाशेंहून अधिक घोडेस्वार भलत्याच तोफांच्या तोंडीं गेले. शब्दाचा अर्थ नीट न कळल्यास माणसें मरतात, ही गोष्ट सैन्यानें लक्षांत ठेवली तर त्यास दोष देतां येणार नाहीं.

मात्र याच प्रसंगाला दुसरीही एक बाजू आहे. ज्यांच्या हातून हा अनर्थ झाला त्यांच्यापाशीं शब्दांची वाण नव्हती. ते इंग्रजी सरदार आणि अंमलदार होते. उणीव होती ती शांतपणें पुन्हां विचारण्याची आणि शांतपणें पुन्हां सांगण्याची. तिचें माप शब्दज्ञानाच्या कोणत्याही प्रश्नपत्रिकेंत निघालें नसतें.

तेव्हां येथवर परीक्षेचें म्हणणें मान्य करण्यास हरकत नाहीं. शब्द कामाचे आहेत, आणि कामासाठीं त्यांचें माप घेणें रास्त आहे. चूक सुरू होते ती पुढच्या पायरीवर. शब्दांवरून बुद्धीचें, आणि बुद्धीवरून माणसाच्या लायकीचें अनुमान करण्याच्या पायरीवर. ही पायरी किती सहज ओलांडली जाते, हें या परीक्षांच्या उगमापाशींच दिसून येतें. १९१७ सालीं अमेरिका पहिल्या महायुद्धांत उतरली तेव्हां रॉबर्ट यर्कीस या मानसशास्त्रज्ञाच्या नेतृत्वाखालीं सैन्यासाठीं दोन परीक्षा तयार झाल्या. वाचतां येणाऱ्यांसाठीं 'आल्फा', आणि निरक्षरांसाठीं व इंग्रजी न येणाऱ्यांसाठीं 'बीटा'. सुमारें सतरा लाख लोकांची या रीतीनें परीक्षा झाली. 'आल्फा'मध्यें एक प्रश्न असा होता: क्रिस्को म्हणजे काय, औषध, जंतुनाशक, दंतमंजन, कीं खाद्यपदार्थ? दुसरा असा: ख्रिस्ती मॅथ्यूसन हा कोण, लेखक, चित्रकार, बेसबॉलचा खेळाडु, कीं विनोदी नट? क्रिस्को म्हणजे आपल्याकडील वनस्पति तुपासारखा एक पदार्थ, आणि मॅथ्यूसन हा बेसबॉलचा नामांकित खेळाडु. सिसिलीच्या खेड्यांतून येऊन कामापुरती इंग्रजी शिकलेल्या एखाद्या गवंड्यास हें ठाऊक नसलें, तर त्याच्या बुद्धीविषयीं काय सिद्ध होतें? 'बीटा'ची गोष्ट तर याहून मौजेची आहे. तींत शब्द नव्हते, अपुरीं चित्रें होतीं. पण त्यांत अपुरें काय तें ओळखावयास जाळें बांधलेलें टेनिसचें मैदान आणि कर्णा असलेला फोनोग्राफ पूर्वीं पाहिलेला असावा लागे. शब्द वगळले, तरी ज्या घरांत ते शब्द वाढतात तें घर परीक्षेंतून वगळतां आलें नाहीं.

या आंकड्यांवर प्रिन्स्टनच्या कार्ल ब्रिगहॅमनें १९२३ सालीं एक ग्रंथ लिहिला. आंकड्यांत एक गोष्ट स्पष्ट दिसत होती. जे परदेशी लोक अमेरिकेंत येऊन पुष्कळ वर्षें राहिले होते त्यांचे गुण अधिक होते, आणि जे नुकतेच आले होते त्यांचे कमी होते. यावर साधा माणूस म्हणाला असता कीं, राहतां राहतां भाषा आणि चालीरीति अंगवळणीं पडतात. ब्रिगहॅमनें अनुमान काढलें तें असें कीं, मागाहून आलेले लोकच हलक्या वंशाचे आहेत. पुढें १९३० सालीं त्यानें आपलीं हीं अनुमानें निराधार असल्याचें स्वतःच छापून जाहीर केलें, आणि हें त्याच्या प्रामाणिकपणास भूषणावह आहे. परंतु मध्यंतरीं, १९२४ सालीं, दक्षिण व पूर्व युरोपांतून येणाऱ्यांची संख्या अतिशय घटविणारा कायदा होऊन गेला होता. त्या कायद्याचीं कारणें अनेक होतीं, आणि त्याचें खापर एका ग्रंथावर फोडणें न्यायाचें होणार नाहीं. तथापि, एक विद्वान् मनुष्य समोरच्या आंकड्यांचा सरळ अर्थ टाकून वांकडा अर्थ पत्करतो, ही गोष्ट मला त्या कायद्याहूनही अधिक विचार करण्यासारखी वाटते. ज्यास शब्द उत्तम येतात त्यास शब्दांनाच बुद्धि समजण्याचा मोह होतो. तो मोह ब्रिगहॅमला झाला, तसा तो आम्हां प्राध्यापकांनाही होत असतो.

मग परीक्षाच बाजूस सारावी काय? दयाळू मनास हा मार्ग प्रथम सुचतो, आणि तो एकदां चोखाळून पाहिलेला आहे. १९६६ सालीं संरक्षणमंत्री रॉबर्ट मॅकनामारा यांनीं एक लक्ष तरुणांची म्हणून एक योजना जाहीर केली. परीक्षेंत कमी पडणाऱ्या, बहुधा गरीब घरच्या मुलांस सैन्यांत घ्यावें, तेथें त्यांना शिकवावें, आणि परत आल्यावर त्यांचा संसार नीट चालावा, असा तिचा उद्देश सांगण्यांत आला. १९७१ पर्यंत या योजनेखालीं साडेतीन लाखांच्या सुमारास तरुण घेतले गेले. शिकविण्याचें वचन फार थोड्यांच्या बाबतींत पाळलें गेलें. ते दिवस व्हिएतनामच्या युद्धाचे होते. यंत्रकामाच्या शाखांना लागणारे गुण या मुलांपाशीं नव्हते, त्यामुळें त्यांतील मोठ्या भागाच्या हातीं बंदूक देऊन त्यांना पायदळांत धाडण्यांत आलें. दार उघडलें गेलें, पण आंत आल्यावर त्यांचा हात कोणीं धरला नाहीं. त्यांतल्या कित्येकांना परीक्षेनें परत पाठविलें असतें, तर ते आज आपल्या नातवंडांत बसले असते. नापास करणारी परीक्षा नेहमीं क्रूरच असते असें नाहीं, आणि सरसकट पास करणारी दया नेहमीं दयाच असते असेंही नाहीं.

दुसरा एक अनुभव याहून निराळा आहे, आणि तो कोणीं न योजतां मिळालेला आहे. १९७६ सालीं नवी परीक्षा सर्वत्र लागू करतांना तिचे गुण जुन्या मापाशीं जुळविण्यांत चूक झाली. खालच्या पातळीवरील उमेदवारांना वाजवीपेक्षां पुष्कळ वरचा अंक मिळूं लागला. १९८० मध्यें चूक सुधारली जाईपर्यंत, खऱ्या मापानें जे परत गेले असते असे कांहीं लाख तरुण भरती होऊन गेले. आपण नापास आहों हें त्यांना ठाऊक नव्हतें, आणि त्यांच्या वरिष्ठांनाही ठाऊक नव्हतें. पुढें त्यांच्या कामाची पाहणी झाली तेव्हां असें दिसून आलें कीं, सरासरीनें ते बरोबरीच्या लोकांहून थोडे मागें होते, परंतु त्यांतले बहुसंख्य आपलें काम ठीक करीत होते. यावरून अंक अगदींच खोटा नव्हता हें खरें. पण रेषेच्या पलीकडचा तेवढा लायक आणि अलीकडचा नालायक, असें जें आपण त्यावरून समजतों, तें मात्र खोटें ठरलें.

हे दोन अनुभव शेजारीं ठेवले असतां मला जें दिसतें तें असें. युद्ध आणि शांतता हा त्या दोहोंतला भेद मोठा आहे, तो मी विसरत नाहीं. पण दुसराही एक भेद आहे. पहिल्या मुलांना परीक्षेनें कमी ठरविलें, मॅकनामारांच्या नांवानें त्यांची हेटाळणी झाली, आणि जें कमी होतें तें भरून काढण्याची तसदी फारशी कोणीं घेतली नाहीं. दुसऱ्यांना इतरांसारखेंच वागविलें गेलें, इतरांबरोबरच शिकविलें गेलें, आणि ते बहुतांशीं इतरांसारखे झाले. शिंपी छातीचें माप घेतो तें सदरा बेतण्यासाठीं घेतो. माप घेऊन 'तूं अरुंद आहेस' एवढेंच सांगून त्यानें गिऱ्हाइकास परत पाठविलें, तर त्याच्या हातांतली टेप कितीही बरोबर असली तरी त्यानें शिंप्याचें काम केलें असें होत नाहीं. जो माप घेतो त्याच्या शिरीं एक ऋण चढतें, आणि तें सरकारच्या शिरीं सर्वांत अधिक चढतें. व्यापाऱ्यास आपल्या दुकानापुरता हिशोबनीस पाहिजे असतो. सरकार सैनिकापाशीं त्याचा प्राण मागतें, आणि बहुतेक उमेदवारांना बारा वर्षें शाळेंत बसविलेलेंही सरकारच असतें. बारा वर्षांनंतर मुलास शब्द येत नसतील, तर त्या नापाशींत सरकारचाही वाटा आहे.

हें ऋण फेडण्याची एक खटपट अलीकडे झाली आहे. ऑगस्ट १९२२ मध्यें नव्हे, तर बरोबर शंभर वर्षांनंतर, म्हणजे २०२२ मध्यें, अमेरिकेच्या भूदलानें दक्षिण कॅरोलायनांतील फोर्ट जॅक्सन येथें एक पूर्वतयारीचा वर्ग काढला. थोडक्या गुणांनीं बाहेर राहिलेल्या तरुणांना तेथें जास्तींत जास्त नव्वद दिवसांपर्यंत भाषा आणि गणित शिकवितात, आणि मधून मधून पुन्हां परीक्षा घेतात. बहुतेकांचे गुण वाढले, व ते पुढें भरती झाले. ब्रिगहॅमच्या काळीं ज्यास वंशाचा गुण म्हणत, तो तीन महिन्यांच्या शिकवणीनें वाढतो, ही गोष्ट कोणत्याही ग्रंथापेक्षां मला अधिक पटण्यासारखी वाटते.

येथपर्यंत मी दूर देशाचा न्यायाधीश होऊन बोललों. पण विद्यार्थ्याचा प्रश्न मलाही होता, असें मीं आरंभीं म्हटलें आहे. पुण्याजवळ खडकवासल्यास आपल्या सैन्याची प्रबोधिनी आहे. तिच्या प्रवेशाच्या लेखी परीक्षेंत ९०० गुणांपैकीं २०० इंग्रजीचे असतात. इतर प्रश्न हिंदींतही छापलेले असतात, मराठींत नसतात. बऱ्याच वर्षांपूर्वीं सातारा जिल्ह्यांतील एका सैनिकी घराण्यांतला मुलगा माझ्याकडे एक इंग्रजी निबंध घेऊन आला. या परीक्षेस बसावें कीं नाहीं, एवढेंच त्यास विचारावयाचें होतें. निबंध मीं लाल शाईनें तपासला. पहिल्या पानावर तेवीस चुका निघाल्या. मीं त्यास सांगितलें, "हा मार्ग तुझा नव्हे." माझें म्हणणें त्या निबंधापुरतें बरोबर होतें. पण त्यास परीक्षेस अजून आठ महिने होते, आणि मला संध्याकाळचा वेळ रिकामा होता. उद्यांपासून ये, एवढें मला म्हणतां आलें असतें. तें मीं म्हटलें नाहीं. तो नमस्कार करून गेला, परीक्षेस बसला नाहीं, आणि पुढें तो काय करतो याची मीं चौकशीही केली नाहीं. शब्दांवरून माणसाचा निकाल लावणारे लोक शोधावयास मला अमेरिकेस जावें लागत नाहीं.

विद्यार्थ्यास मीं जें उत्तर लिहिलें त्यांतला कामाचा भाग येथें देतों.

"चि. मुलाचा अंक अठ्ठावीस आहे, हें नाकारूं नकोस. जें विमान त्याला दुरुस्त करावयाचें आहे त्याच्या सूचना इंग्रजींत आहेत, आणि त्या त्याला आज नीट वाचतां येत नाहींत. हें कोणाचें कारस्थान नव्हे. तेराव्या वर्षीं त्याला एका भाषेंतून उचलून दुसऱ्या भाषेंत ठेवलें गेलें, आणि ठेवणारे आपण वडील माणसें होतों. त्याचा भार एकट्या त्याच्यावर टाकूं नये. एक महिन्यानें पुन्हां परीक्षा देतां येते, त्यानंतर आणखी एका महिन्यानें, आणि मग सहा-सहा महिन्यांनीं. पण घाई करूं नका. शब्दांच्या याद्या पाठ करून घेऊं नकोस. त्याला आवडणाऱ्या यंत्रांवरचींच पुस्तकें रोज तासभर त्याच्याकडून मोठ्यानें वाचून घे. जो परिच्छेद वाचला त्याचें सार त्यानें तुला मराठींत सांगावें. त्याला समजलें आहे कीं नाहीं हें तुला तेथें कळेल, आणि बहुतेक वेळां समजलेलें असतें असें तुला आढळेल. रविवारीं मला फोन करावा, मी त्याच्याबरोबर वाचीन.

"राहतां राहिला किंमतीचा प्रश्न. हा शब्द त्या परीक्षेनें वापरलेला नाहीं, तूं वापरलास. तुला तो कोठें मिळाला याचा मी विचार केला, तेव्हां माझ्याच वर्गांत मिळाला असावा असें वाटलें. पेपर परत देतांना मी सर्वांत कमी गुणांचा पेपर सर्वांत शेवटीं, नांव मोठ्यानें वाचून देत असें. त्याबद्दल उशिरां कां होईना, क्षमा मागतों."

हें पत्र टपालांत टाकलें त्याच दिवशीं साताऱ्याकडेही एक पत्र धाडलें. त्या मुलाचें वय आतां खडकवासल्याचें राहिलेलें नाहीं, त्याच्या मुलाचें कदाचित् होत आलें असेल. पत्ता जुना आहे, पत्र पोंचेल कीं नाहीं सांगवत नाहीं. संध्याकाळचा माझा वेळ अजूनही रिकामाच असतो, असें त्यांत लिहिलें आहे.